दर बॅचला एखाददोन मुलं अशी येतायत, ऑटिझम खरंच वाढलाय का?

प्लेग्रुपवाली_मांजलपूर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, आज विचारतेच. मी बडोद्यात मांजलपूरला एका प्लेग्रुपमध्ये शिकवते, युनिव्हर्सिटीत ह्युमन डेव्हलपमेंट केलं आणि तेव्हापासून हेच काम, म्हणजे माझ्या पहिल्या बॅचची पोरं आता नोकरीला लागलीयत. तेव्हा वर्षच्या वर्ष असं एकही मूल यायचं नाही की ज्याच्याकडे बघून पोटात धस्स व्हावं. आता दर जूनला रडारड थांबून वर्ग जरा जागेवर आला की एखाददोन मुलं हमखास वेगळी दिसतात.

यंदाचंच सांगते. एक मुलगा आहे, तीन पूर्ण. नावाने कितीही हाका मारा मान वळत नाही, आणि पलीकडच्या खोलीत वेफर्सचं पाकीट फुटलं की धावत हजर. पाणी हवं असलं की मागत नाही, बोट दाखवत नाही, माझं मनगट धरतो, फिल्टरपाशी नेतो आणि माझाच हात नळावर ठेवतो, तेवढ्या वेळात एकदाही माझ्या तोंडाकडे बघत नाही. आई मराठी, बाबा गुजराती, घरात दोन्ही चालतं, आणि हा जे काही बोलतो ते यूट्यूबवरच्या अमेरिकन इंग्लिशमध्ये, रंग, आकडे, प्राणी सगळं घडाघडा, पण 'आई' म्हणून हाक नाही.

मी डॉक्टर नाही, निदान करायचा मला अधिकार पण नाही. पण स्टाफरूममध्ये रोज यावरच चर्चा. एक बेन म्हणतात मोबाइल, दुसऱ्या म्हणतात सिझेरियन वाढले म्हणून, घरी सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला एवढी इंजेक्शनं टोचता मग दुसरं काय होणार. माझा प्रश्न साधा आहे, खरंच वाढलंय का हे, की आधीही होतं आणि आता दिसायला लागलंय? आणि दुसरं म्हणजे आईबापांना सांगायचं कसं, कारण मागच्या वर्षी एका आईला नुसतं 'एकदा दाखवून घ्या' म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून मूल यायचंच बंद झालं, फी भरलेली असून.

दांडियाबाजारकर

यात विचारायचं काय आहे ताई, मोबाइल. आमच्या वाड्यात पंधरावीस पोरं होती, सगळी बोलायची, अगदी गप्प बस म्हणेपर्यंत बोलायची. आता मूल जेवत नाही लाव मोबाइल, रडतंय लाव मोबाइल, आई किटीत आणि बाबा ऑफिसच्या कॉलवर. व्हर्चुअल ऑटिझम म्हणतात त्याला, गूगल करा. फोन काढून घ्या, मूल आपोआप बोलायला लागतं, आमच्या सोसायटीत बघितलंय मी.

आकडेमोड_काका

दांडियाबाजारकर, जरा दम धरा. मी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलंय, त्यामुळे डॉक्टरकी करणार नाही, आकडा कसा तयार होतो तेवढंच सांगतो.

व्हॉट्सॅपवर जो आकडा फिरतो तो अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा असतो. आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० मध्ये एक, २०१० ला ६८ मध्ये एक, २०२० ला ३६ मध्ये एक, आणि २०२२ चा आकडा जो एप्रिल २०२५ ला जाहीर झाला तो ३१ मध्ये एक. असं ओळीने मांडलं की कुणाचीही छाती दडपते. पण गंमत अशी की हा आकडा मुलं तपासून काढलेला नाही, ठराविक भागांतल्या दवाखान्यांची आणि शाळांची कागदपत्रं वाचून काढलेला आहे. म्हणजे ज्या मुलाचा कागदच झालेला नाही ते मूल त्यात नाही. म्हणून तर त्याच २०२२ सालात, त्याच देशात, टेक्सासमधल्या लारेडोला १०३ मध्ये एक आणि कॅलिफोर्नियातल्या सेंटरला १९ मध्ये एक. आता मला सांगा, मोबाइल काय कॅलिफोर्नियातल्या पोरांच्याच हातात असतो? त्या कॅलिफोर्नियाच्या भागात बालरोगतज्ज्ञांना लहानपणीच ओळखायचं ट्रेनिंग दिलेलं आहे, असं खुद्द सीडीसीच्याच रिपोर्टात म्हटलंय.

दुसरी गोष्ट व्याख्येची. १९४३ ला लिओ कॅनरने ११ मुलांवर लिहिलं, त्यातली मुलं सहज लक्षात यावीत अशीच होती. (त्याच्याही आधी १९२५ च्या सुमाराला रशियात सुखारेवा नावाच्या बाईंनी अशाच सहा मुलग्यांबद्दल लिहिलं होतं, पण त्यांचं नाव कोण घेतो.) अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम नावाच्या पोथीत ऑटिझम वेगळं निदान म्हणून आला १९८० ला. १९९४ ला त्यात अॅस्पर्गर आला, म्हणजे बोलणारी, हुशार, पण चार माणसांत न मिसळणारी मुलंही आली. २०१३ ला हे सगळं एका स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा एकाच पट्ट्यात ओतलं, आणि तोवर एका मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि ऑटिझम दोन्ही लावायला मनाई होती ती पण उठली. चाळणीची भोकं तीनदा बदलली आणि आपण विचारतोय की पीठ जास्त का पडतंय.

याचा हिशोब लोकांनी केलाय. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांचं रेकॉर्ड बघितलं, तिथे वाढीतला साधारण ६० टक्के भाग निव्वळ निदानाचे नियम आणि नोंदीची पद्धत बदलल्यामुळे निघाला, नियम बदलले १९९४ ला आणि ओपीडीतली निदानं मोजायला लागले १९९५ ला. स्वीडनमध्ये तर त्याहून मजेशीर, २०१५ ला छापून आलं, जुळ्या मुलांच्या आईबापांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारले तर लक्षणांचं प्रमाण दहा वर्षं जागच्या जागी आणि सरकारी रजिस्टरमधली निदानं मात्र चढत गेलेली.

मग खरी वाढ शून्य का? तसंही मी म्हणणार नाही. आईबापांचं वय वाढलं की शक्यता थोडी वाढते, आणि आजकाल पहिलं मूलच तिशीनंतर होतं. फार लवकर जन्मलेली बाळं पूर्वी जगायची नाहीत, आता एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत जगतात, त्यांच्यातही प्रमाण जास्त असतं. पण या गोष्टींनी थोडं वाढेल, पाचपट नाही.

आणि ताई, तुमच्या वर्गाबद्दल एक. सयाजीराव महाराजांनी १९०६ ला अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा सहासात वर्षांची पोरं शाळेत यायची. तुमच्याकडे अडीच वर्षांची येतात. अडीच वर्षांचं मूल पूर्वी आजीच्या पदराला धरून घरात असायचं, बोललं नाही तर बोलेल पुढेमागे. आता तेच मूल त्याच वयाच्या बाकीच्या मुलांच्या मधोमध बसलेलं तुम्ही बघताय, आणि तेही ह्युमन डेव्हलपमेंट शिकलेल्या बाईच्या नजरेने. दिसणारच.

गोत्रीची_आई

काका, मस्त सांगितलंत. आणि दांडियाबाजारकर दादा, माझा मुलगा आता दहावीत आहे, ऑटिस्टिक आहे, तो झाला तेव्हा आमच्या घरात बटणांचा नोकिया होता ज्यावर फार तर सापाचा गेम. तर ते मोबाइलचं जरा सांभाळून बोला, कारण हे वाचणारी कुणी आई आधीच रात्रभर जागी असते की मी काय चुकले.

आमच्याकडे काय काय झालं ते सांगते. दोन वर्षांचा झाला तरी शब्द नाही. सासरे म्हणाले मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप पण चारला बोलला. आजेसासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायच्या, तो तोंड वाकडं करून थुंकायचा आणि त्या म्हणायच्या बघ जीभ हलतेय. कुणी म्हणालं जिभेखालची तार कापून घ्या. एका डॉक्टरांनी तर सांगितलं की थांबा, तीनचा होऊ दे, मग बघू. हे 'थांबा' सगळ्यात महाग पडलं. आज कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन की एक वर्षाचं मूल बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबू नका. निदान होवो न होवो, थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही.

आणि वाढलंय का याचं माझं उत्तर जरा वेगळं आहे. माझ्या मुलाचा कागद झाला कारण मला इंग्लिश वाचता येत होतं, नवऱ्याकडे गाडी होती आणि अहमदाबादला जाऊन डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला दाखवायचे पैसे होते. आमच्याकडे पोळ्यांना येतात त्या मावशींचा भाचा अगदी डिट्टो माझ्या लेकासारखा, पंख्याकडे बघत बसणारा, गर्दीत कानांवर हात ठेवणारा, त्याला गावात सगळे 'मंदबुद्धी' म्हणतात आणि तेवढ्यावर विषय संपला. बडोद्यात मोजायला बसलात तर अलकापुरीत ऑटिझम सापडेल आणि तरसालीच्या पुढे सापडणार नाही, आणि कुणीतरी पेपरात लिहील की श्रीमंतांचा आजार आहे म्हणून.

आकडेमोड_काका

हे अगदी बराबर. अमेरिकेत हेच झालं, आधी वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांमध्ये प्रमाण जास्त दिसायचं, आता २०२० आणि २०२२ च्या आकड्यांत काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमध्ये जास्त दिसतंय. मुलं बदलली नाहीत, दवाखान्यापर्यंत पोचणारे बदलले.

कागदावर न जाता थेट मुलांपर्यंत गेलं तर काय होतं त्याचं उदाहरण दक्षिण कोरियातलं. गोयांग नावाच्या शहरात ७ ते १२ वर्षांची सगळी मुलं धरून अभ्यास केला, २०११ ला छापला, प्रमाण निघालं २.६४ टक्के, आणि त्यातली दोनतृतीयांश मुलं साध्या शाळेत बसलेली होती, कुठलंही निदान नाही, कुठलीही मदत नाही.

आपल्याकडे पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०१८ ला आला, फक्त ऑटिझम नाही तर ऐकणं, बघणं, एपिलेप्सी, सेरेब्रल पाल्सी वगैरे सगळं धरून. लहान वयोगटात कुठे ३ टक्क्यांच्या आसपास तर कुठे १८ च्या वर. एवढी तफावत असताना 'भारतात ऑटिझम इतक्या टक्क्यांनी वाढला' असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला विचारा, आधीचा आकडा कुठला घेतलास बाबा? वाढ सांगायला दोन आकडे लागतात, आपल्याकडे धड एक नाही.

रावपुरा_रिटर्न्स

मी आता पुण्यात असते पण माहेर रावपुऱ्यात. हे सगळं वाचताना आमचा आईचा मामा आठवत राहिला. लग्न नाही, फारसं बोलणं नाही. सकाळी ठराविक वेळेला सुरसागर तळ्याला एक चक्कर, पाऊस असो काही असो, उलट्या दिशेने कधीच नाही. जेवायला स्टीलची तीच ताटली, वरणभात वेगळा आणि भाजी वेगळी, एकमेकांना लागलं की उठून जायचा. एका नातेवाइकांचा छापखाना होता तिथे त्याला खिळे वेगळे करायला बसवलेलं, छपाई झाली की एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचं काम, दिवसभर मान खाली घालून. बाकीच्यांच्या खणात 'घ' मध्ये 'ध' सापडायचा, ह्याच्या नाही. घरात सगळे म्हणायचे जरा चक्रम आहे पण निरुपद्रवी. आज असता तर त्याला नक्की कागद मिळाला असता. म्हणजे हे आधीपासून होतंच ना?

दांडियाबाजारकर

हे बाकी खरं हं, असा एक माणूस प्रत्येक वाड्यात असायचा. पण तो मामा शब्द तरी बोलायचा, आताची पोरं एक शब्द बोलत नाहीत त्याचं काय.

आकडेमोड_काका

रावपुरा ताई, तुमचे मामा वाचून बरं वाटलं, पण गेलेल्या माणसांना आठवणीवरून निदान लावू नये असं माझं मत आहे. सुरसागरला रोज एकाच दिशेने चक्कर मारणारे पन्नास म्हातारे तुम्हाला आजही भेटतील, मी त्यातलाच. मुद्द्यासाठी मामांची गरज नाही, इंग्लंडमध्ये २००७ च्या सर्व्हेत मोठ्या माणसांना घरोघर जाऊन तपासलं, साधारण शंभरात एक निघाला, आणि वय वाढेल तसं प्रमाण कमी होताना दिसलं नाही. हे जर नवीन खूळ असतं तर तरुणांत जास्त आणि म्हाताऱ्यांत कमी निघायला पाहिजे होतं. आणि त्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं.

न बोलणाऱ्यांचं विचारताय तर तीही होतीच, फक्त त्यांच्यावर दुसरा शिक्का होता. अमेरिकेत शाळेच्या कायद्यात ऑटिझम हा वेगळा गट १९९० ला आला, आणि त्यानंतर त्या गटात मुलं वाढत गेली तशी मतिमंद म्हणून नोंदलेली मुलं कमी होत गेली.

कारेलीबाग_नवीआई

मधेच विचारते, रागावू नका. माझी मुलगी सोळा महिन्यांची आहे, या महिन्यात डोस आहे. प्लेग्रुपवाल्या ताईंच्या सासूबाईंचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या जावेच्या बहिणीकडे नेमकं असंच झालं, दीड वर्षाच्या डोसनंतर बाळ बोलायचं बंद झालं असं ती शपथेवर सांगते. थोडा उशिरा दिला तर चालेल का?

गोत्रीची_आई

अगं नको उशीर करू, दे वेळेवर. ती बाई खोटं बोलत नाहीये, पण वेळ बघ ना. सरकारी टाइमटेबलमध्ये एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लसीचा) दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. आणि ज्या मुलांचे आलेले शब्द जातात त्यांचे साधारण याच वयात जातात. दोन्ही एकाच महिन्यात आलं की आईच्या डोक्यात ते कायमचं चिकटतं. माझ्या मुलाचे 'पापा', 'काऊ' असे मोजके शब्द गेले ते डोसच्या आधी गेले, म्हणून मी त्यात अडकले नाही एवढंच.

लसीमुळे ऑटिझम होतो हे सगळं सुरू झालं ते १९९८ च्या एका पेपरवरून, वेकफिल्ड नावाचा डॉक्टर, फक्त १२ मुलं, आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० ला मागे घेतला, त्याचं रजिस्ट्रेशन पण गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं बघितली, २०१९ ला आलं ते, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नाही. उलट ऐक, गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला ऑटिझमचा धोका वाढतो हे जुनं माहीत असलेलं कारण आहे, आणि एमआरमधला आर म्हणजे तोच रुबेला.

कारेलीबाग_नवीआई

थँक्यू ताई 🙏 आणि गरोदरपणात क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल घेतली तर बाळाला ऑटिझम होतो ती बातमी? मी प्रेग्नन्सीत ताप आला तेव्हा घेतली होती.

गोत्रीची_आई

ती सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतून ट्रम्पने उडवून दिलेली. स्वीडनमध्ये जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ लाच आलेला होता, सख्ख्या भावंडांची तुलना केली तर पॅरासिटामॉलचा संबंध उरतच नाही. ताप अंगावर काढणं पण गरोदरपणात चांगलं नसतं. डोक्यातून काढून टाक.

स्पीचवाली

मी स्पीच थेरपिस्ट आहे, वाघोडिया रोडला बसते. जरा उशिरा आले इथे पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली मोबाइलची. व्हर्चुअल ऑटिझम नावाचं निदान डीएसएममध्येही नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या आजारांच्या यादीतही नाही. दिवसभर स्क्रीनसमोर ठेवलेलं मूल उशिरा बोलू शकतं, हाक मारली तर बघत नाही, आणि स्क्रीन बंद करून घरच्यांनी खेळायला बोलायला सुरुवात केली की त्यातली काही मुलं झपाट्याने सुधारतात, हे मी पण बघते. दांडियाबाजारकरांच्या सोसायटीत तसंच झालं असेल. पण ते मूल ऑटिस्टिक नव्हतंच बहुधा. आणि उलटंही असतं, जे मूल माणसांकडे वळतच नाही ते स्क्रीनकडे वळतं, तिथे शांत राहतं, मग दमलेली आई तिथे ठेवते, आणि वर्षभराने लोक म्हणतात मोबाइलमुळे झालं. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे तो पाळाच, दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, फार तर आजीआजोबांना व्हिडिओ कॉल, दोन ते पाच मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण मोबाइल काढला आता सहा महिने वाट बघू, हे करू नका. मोबाइल काढा आणि तपासणी पण करा, दोन्ही एकाच आठवड्यात.

दुसरी गोष्ट आपल्या बडोद्याची खास. घरी मराठी, खाली सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश. मूल बोललं नाही की पहिला बळी मराठीचा. शाळा सांगते घरी इंग्लिश बोला, शेजारी सांगतात गुजराती तरी बोला, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे आमच्या धंद्यातले काही लोक पण सांगतात की एकच भाषा ठेवा, कन्फ्यूज होतो तो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिस्टिक मुलं दोन भाषांच्या घरात वाढली म्हणून जास्त मागे पडतात असंही अभ्यासांत निघालेलं नाही. माझ्याकडे एक आजी यायच्या नातवाला घेऊन, त्यांना इंग्लिश येत नव्हतं, घरच्यांनी सांगितलेलं मराठी बोलायचं नाही, तर त्या बिचाऱ्या दिवसभर त्याच्याशी 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच बोलायच्या. ज्या बाईकडे ओव्या, बडबडगीतं, भोंडल्याची गाणी सगळं भरलेलं होतं ती तीन शब्दांवर आली. मी म्हटलं आजी, तुम्ही बोला मराठीत, आणि 'ये गं ये गं सरी' म्हणताना शेवटचा शब्द सोडून थांबा, त्याच्याकडे बघत थांबा. तो शब्द भरायला मूल कधीतरी वर बघतं. ताईंच्या त्या मुलाचं पण हेच, तो यूट्यूबचं इंग्लिश बोलतो ते बोलणं नाहीये, पाठ केलेलं परत वाजतंय, पण त्यावरून एवढं कळतं की आवाज काढता येतो आणि लक्षात राहतं. सुरुवात करायला ते काही कमी नाही.

दांडियाबाजारकर

ठीक आहे, निदानात नाही म्हणता तर नाही. पण मोबाइल वाईटच, यावरून मी हलणार नाही.

स्पीचवाली

हलू नका 😄 त्या बाबतीत मी तुमच्याच पार्टीत.

प्लेग्रुपवाली_मांजलपूर

सगळ्यांचे आभार, स्टाफरूममध्ये प्रिंट काढून लावते काकांचं. पण दुसरा प्रश्न तसाच राहिला, त्या मुलाच्या आईबाबांना सांगू कसं? पुढच्या आठवड्यात ओपन हाउस आहे. आई रोज घ्यायला येते, हसरी आहे, 'आज काय केलं आमच्या राजाने' असं विचारते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

गोत्रीची_आई

ओपन हाउसला नको गं, तिथे मागे पाच बायका रांगेत उभ्या असतात. गेटवर पण नको. वेगळी वेळ दे, वर्ग सुटल्यावर, आणि बाबांना पण बोलाव, नाहीतर ती एकटी घरी जाऊन सगळ्यांना समजावत बसेल आणि सगळे मिळून तिलाच वेड्यात काढतील.

ऑटिझम हा शब्द तू काढूच नको, तो तुझा नाहीच. तू जे इथे लिहिलंस तेच सांग. नावाने हाक मारली तर वळत नाही, पाणी हवं असलं की माझा हात नेऊन नळावर ठेवतो, घरी कसं करतो हो? एवढं विचार आणि गप्प बस. दहातली आठ आयांनी ते आधीच बघितलेलं असतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच. 'बाकीची मुलं बघा कशी' हे चुकूनही नको, मला एका शाळेत ते ऐकवलं होतं, अजून विसरले नाही. आणि सुरुवात कानाच्या तपासणीपासून करायला सांग, बेरा करून घ्या म्हणावं. ती तशीही लागतेच, वेफर्सचा आवाज ऐकतो म्हणजे कान शंभर टक्के असं नसतं, आणि कान तपासायला कुठल्याही सासूचा विरोध नसतो. तिथून पुढे ते लोक बालरोगतज्ज्ञांकडे जातात.

खाजगी परवडत नसेल तर सरकारीत डीईआयसी म्हणून जिल्ह्याचं केंद्र असतं, आरबीएसके या मुलांच्या तपासणीच्या सरकारी योजनेखाली, २०१३ पासून चालू आहे ते, तिथे वाढीच्या तपासण्या फुकट होतात. अंगणवाडीत त्यांची टीम पण जाते. पोळ्यांच्या मावशींच्या भाच्याला मी तिकडेच पाठवलंय, बघू, आता कुठे पहिली तारीख मिळालीये.

स्पीचवाली

ताई, अजून एक, पुढच्या वर्षापासून सगळ्या मुलांच्या अॅडमिशनच्या वेळीच एम-चॅट नावाचा ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीचा फॉर्म भरून घ्या, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, वीस प्रश्न, हो किंवा नाही, आईबाबाच भरतात. सगळ्यांकडून भरून घेतला की कुणाला वाटत नाही आपल्यालाच बाजूला काढलं. जी मुलं तीस महिन्यांच्या पुढची आहेत त्यांना तो चालणार नाही, त्यांच्यासाठी मला मेसेज करा, मी येऊन बघेन वर्गात, फी नको. आणि त्यात जास्त गुण आले म्हणजे ऑटिझम असं नाही, फक्त पुढे दाखवायचं एवढाच अर्थ, हे फॉर्मवरच मोठ्या अक्षरात मराठी गुजराती दोन्हीत छापा.

मुलींकडे जरा जास्त बारीक बघा. सीडीसीच्या आकड्यात एका मुलीमागे साडेतीनच्या आसपास मुलगे आहेत, पण शांत कोपऱ्यात बसणारी, दुसऱ्या मुलींचं बघून बघून करणारी मुलगी आपल्याला 'शहाणी' वाटते आणि सुटून जाते.

प्लेग्रुपवाली_मांजलपूर

बापरे, शहाणी म्हणून मी दरवर्षी एक तरी मुलगी घरी कौतुकाने सांगते. बुधवारी बोलावते त्या दोघांना, वर्ग सुटल्यावर. स्पीचवाली ताई, मेसेज केलाय.

फतेगंज_बाबा

थ्रेड वरून खाली वाचला. आमच्या मुलीचं निदान गेल्याच महिन्यात झालं, पाच वर्षांची आहे. थेरपीचा खर्च बघून डोकं फिरलंय, आठवड्याला चार सेशन सांगितलीत. एक जण स्टेम सेलचं पॅकेज सांगतोय, ईएमआयवर पण मिळेल म्हणतो. आणि ते निरामय का काय कार्ड, ते कुणी काढलंय का इथे?

गोत्रीची_आई

स्टेम सेलवाल्याचा नंबर आधी ब्लॉक करा भाऊ. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही, फक्त ट्रायलमध्ये, आणि ट्रायलला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जिथे ईएमआय आला तिथे ट्रायल नाही.

निरामय आम्ही काढलंय. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडीतल्या थेरपीला पण काही रक्कम मिळते, जे साध्या मेडिक्लेममध्ये मिळत नाही. त्याच्या आधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागेल, अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे अपंगत्वाच्या २१ प्रकारांत. सरकारी दवाखान्यात बोर्ड बसतं तिथे 'इसा' (ISAA) नावाची ४० प्रश्नांची टेस्ट करतात, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. जाताना मुलीच्या खाण्याचा डबा, आवडतं खेळणं आणि जुन्या सगळ्या रिपोर्टांच्या दोनदोन झेरॉक्स न्या, रांग मोठी असते आणि झेरॉक्सवाला खाली चौकात आहे. शक्यतो सोमवार टाळा.